उंची पाच फूट एक इंच, मोटरसायकल कोणती घेऊ?

वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

प्रश्न : ताई, मी इंदूरला सुदामा नगरात राहते, वय २४, भंवरकुआंला एका कोचिंगमध्ये शिकवते. उंची ५ फूट १ इंच, वजन ४८ किलो. कॉलेजपासून स्कूटी चालवतेय पण आता मला गियरची मोटरसायकल घ्यायचीच आहे, सुट्टीच्या दिवशी महेश्वर, मांडूला स्वतः चालवत जायचंय. बाबा म्हणतात स्कूटीच बरी, दादा म्हणतो घ्यायची तर बुलेट घे नाहीतर राहू दे. शोरूममध्ये गेले तर तिथल्या माणसानं मला वरून खालपर्यंत बघितलं आणि सरळ स्कूटरच्या लाइनकडे नेलं, मी म्हटलं मोटरसायकल दाखवा, तर म्हणे मॅडम तुमचे पाय नाही पुरणार. खरंच नाही पुरणार का? आणि दोन्ही पाय पूर्ण टेकायलाच हवेत का?

उत्तर : अगं पुरतात, अगदी आरामात पुरतात. माझी उंची तुझ्यापेक्षा अर्धा इंच कमीच आहे आणि गेली १९ वर्षं मी गियरची गाडीच चालवतेय, रोज, याच शहरात. तुला स्कूटरकडे वळवणाऱ्या माणसानं तुझी उंची बघितली पण तुला सीटवर बसवलं का? नाही ना, मग त्याचं म्हणणं तिथंच सोडून दे.

दोन्ही पाय सपाट टेकले पाहिजेत हा हट्ट सगळ्यात आधी डोक्यातून काढ. थांबलेली गाडी सरळ उभी आहे तोवर तिचा भार टायरवर असतो, तुझ्या पायावर नाही, पायाचं काम फक्त तिला कलू न देणं एवढंच. त्याला डाव्या पायाचा चवडा नीट टेकला की पुरतं, उजवा पाय मागच्या ब्रेकवर. दोन्ही पायांच्या नुसत्या बोटांवर तोल सांभाळण्यापेक्षा बसल्या जागी थोडं डावीकडे सरकून एक पाय भक्कम टेकणं कितीतरी बरं. आणि थांबायच्या आधी रस्ता बघायचा, खड्डा, वाळू, ऑइल कुठंय ते, आपल्याकडे रस्त्याच्या कडेला उतार असतो त्यामुळे अगदी कडेला थांबलं तर डावा पाय खाली जातच राहतो आणि गाडी त्याच्यामागून, तेव्हा दोन हात आत सपाटीवर थांब. उंच माणसाला हे सगळं बघावं लागत नाही, आपल्याला लागतं, महिनाभरात सवय होते.

आता माप. उंचीचं नाही, पायाचं माप घे. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभी राहा, एखादं जाड पुस्तक दोन्ही मांड्यांच्या मधे घट्ट वर धर आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लाव. ५ फूट १ इंचाला हे साधारण ७० सेंटीमीटरच्या आसपास येतं, कुणाचं २ जास्त कुणाचं २ कमी, म्हणूनच एकाच उंचीच्या दोन मैत्रिणींना एकच गाडी वेगवेगळी वाटते. गाडीच्या कागदावर सीटची उंची मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते, ७८५ म्हणजे साडेअठ्ठ्याहत्तर सेंटीमीटर. ७० आणि ७८ बघून घाबरू नकोस. बूट २-३ सेंटीमीटर देतात, सीट आणि शॉकअप बसल्यावर थोडे दबतात, बाजूला सरकलं की आणखी मिळतात, आणि टाच टेकायची नाहीच आहे, चवडा टेकायचाय.

पण त्या आकड्यात एक गोष्ट लिहिलेली नसते, सीट पुढून किती रुंद आहे. टाकीजवळ सीट अरुंद असेल तर पाय सरळ खाली जातात, रुंद असेल तर मांड्या आधी बाहेर फाकतात आणि मगच खाली येतात, म्हणजे तेवढा पाय फुकट गेला. म्हणून ७९० ची अरुंद सीट कधीकधी ७७० च्या रुंद सीटपेक्षा बुटकी वाटते. हे कागदावरून कळणारच नाही, बसूनच कळतं.

दादाच्या बुलेटचं बोलू, कारण इथेच बहुतेक जण फसतात. नुसती सीटची उंची लावून गाडी शोधलीस तर बुलेट बनवणाऱ्या रॉयल एनफिल्डचीच मीटिओर ३५० लगेच पुढे येईल, सीट ७६५. हीरोची स्प्लेंडर प्लस ७८५. म्हणजे मीटिओर २ सेंटीमीटरनी बुटकी, वाटतं हीच आपली. पण मीटिओर १९१ किलोची आहे आणि स्प्लेंडर ११२ ची. २ सेंटीमीटरसाठी तू ७९ किलो जास्त उचलायचं कबूल करतेयस, म्हणजे तू स्वतः आणि वर तुझी एखादी पाचवीतली भाची. चालत्या गाडीत हे वजन कळतही नाही, उलट हायवेला मोठी गाडी ठाम चालते. कळतं ते सकाळी घरातून बाहेर काढताना, पार्किंगमध्ये तिच्यामागे तीन गाड्या लागलेल्या असताना, राजवाड्याच्या मागच्या गल्लीत समोरून हातगाडी आल्यावर दोन फूट मागे घ्यायची असते तेव्हा.

मी हे पुस्तकातून सांगत नाहीये. शिकून वर्ष झालं असेल तेव्हाची गोष्ट, मैत्रिणीची जड गाडी घेऊन मी खजुरी बाजारात वळत होते, वेग चालण्याइतका, हँडल पूर्ण वळलेलं, आणि मधे एक मुलगा आला तसा मी पुढचा ब्रेक दाबला. हँडल वळलेलं असताना, एवढ्या हळू वेगात पुढचा ब्रेक दाबला की गाडी जागच्या जागी त्याच बाजूला बसते, तशी ती बसली. पाय टेकलेला होता, सपाट टेकलेला होता, काही उपयोग झाला नाही, कारण जड गाडी थोडीशी कलली की सांभाळता येते आणि त्याच्या पलीकडे गेली की कुणाच्याच बापाला सांभाळत नाही. गुडघा फुटला आणि क्लचचा लिव्हर तुटला. त्या दिवसापासून माझं एकच माप आहे आणि सगळ्यांना तेच सांगते, जी गाडी तू एकटी मागे ढकलून, वळवून, पार्किंगमधून बाहेर काढू शकतेस ती तुझी गाडी, पाय किती टेकतात ते त्याच्यानंतर.

तुझ्यासाठी माझी निवड सांगू का? स्प्लेंडर, किंवा होंडाची शाइन १००, ती तर ९९ किलोचीच आहे, सीट ७८६. थोडी तरतरीत हवी असेल तर टीव्हीएसची रेडर १२५, सीट ७८०, वजन १२३, शहरात मजा येते आणि महेश्वरलाही घेऊन जाईल, ९० च्या वेगानं नाही पण ६०-६५ नी निवांत. लोक म्हणतील की १०० सीसीवर काय मांडूला जायचं, अगं मालव्यातल्या निम्म्या लोकांनी मांडू असंच बघितलंय. सेकंडहँड मिळाली तर आणखी छान, पहिल्या वर्षात एकदोनदा पडणारच, नव्या गाडीवर ओरखडा आला की गाडीपेक्षा मन जास्त खरचटतं.

बजाजची अ‍ॅव्हेंजर पण कुणीतरी सुचवेलच, २२० क्रूझची सीट फक्त ७३७ आहे, दोन्ही पाय सपाट टेकतील आणि बसल्याबरोबर तू खूश होशील. पण वजन १६३ आणि गाडी लांब, हँडल रुंद, फूटरेस्ट पुढे. शोरूममध्येच हँडल पूर्ण उजवीकडे फिरवून बघ, डावा हात खांद्यापासून ताणला जातो का आणि त्या अवस्थेत क्लच नीट दाबता येतो का. बुटक्या माणसाचे हातही लहान असतात हे कुणी लक्षातच घेत नाही, सगळे पाय पाय करत बसतात. क्लचचा लिव्हर बोटांना लांब पडत असेल तर दिवसभराच्या ट्रॅफिकमध्ये हात भरून येतो आणि मग हाफ क्लच, म्हणजे अर्धवट दाबून धरलेला क्लच, नीट सुटत नाही, गाडी बंद पडते आणि बंद पडलेली गाडीच पडते.

शोरूमला जाताना रोजचे बूट घालून जा, उंच सोलचे नको, सोबत कुणीतरी ने. साइड स्टँडवरून गाडी स्वतः सरळ कर, दुसऱ्यानं धरलेल्या गाडीवर बसून काही कळत नाही. दहा पावलं मागे ढकल. मग मागे सोबतच्या माणसाला बसव, कारण डबल सीट बसलं की तोल बदलतो. टेस्ट राइडमध्ये पळवून बघू नकोस, पळायला सगळ्याच गाड्या पळतात, हळू यू टर्न घेऊन बघ, आणि त्या वेळी फक्त मागचा ब्रेक, पुढच्यावर बोटच ठेवायचं नाही.

आणि एक महत्त्वाचं, तुझं लायसन्स काढून बघ. स्कूटीवर टेस्ट दिलेल्या बऱ्याच जणींच्या लायसन्सवर फक्त विनागियरचा वर्ग असतो, त्यावर मोटरसायकल चालत नाही. गियरचा वर्ग वाढवून घ्यावा लागतो, त्यासाठी परत लर्निंग, ते सहा महिने चालतं, आणि कमीत कमी ३० दिवसांनी पक्क्याची टेस्ट. हे न करता काही झालं तर इन्शुरन्सचा क्लेम अडकतो. तो एक महिना रोज सकाळी दशहरा मैदानात जा, एक्सिलरेटर न देता नुसत्या हाफ क्लचवर गाडी चालण्याच्या वेगानं सरळ चालवायची, मग गोल, मग आठ. हे जमलं की ट्रॅफिकमध्ये पाय टेकायची वेळच कमी येते.

बाबांना सांग की ताई म्हणाली, आयएसआय मार्कचं हेल्मेट, ग्लोव्ज आणि घोट्यापर्यंतचे बूट घेतल्याशिवाय ती मुलगी गाडी बाहेर काढणार नाही. त्यांची काळजी खोटी नाहीये गं.

प्रश्न : माझं वय ५२, उंची ५ फूट ३ इंच, रामचंद्र नगर. वीस वर्षं १०० सीसी चालवली. मुलानं वाढदिवसाला रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० आणून दिली, त्याला नाही म्हणवत नाही पण सिग्नलला पाय डगमगतो. मेकॅनिक म्हणतो मागून दोन इंच खाली करून देतो. करू का?

उत्तर : काका, आत्ता नका करू. मागून दोन इंच खाली केली की गाडीचं पोट स्पीड ब्रेकरला घासतं, मागे कुणी बसलं तर आणखीच. पुढचं तसंच ठेवून मागचंच खाली केल्यानं हँडलचं वळणं सुस्तावतं. आणि एक गोष्ट मेकॅनिक सांगत नाहीत, साइड स्टँड तेवढाच लांब राहतो त्यामुळे गाडी पुरेशी कलत नाही, जवळजवळ सरळ उभी राहते आणि कुणाचा धक्का लागला की उजवीकडे आडवी. १९५ किलो आडवी. वॉरंटीचाही प्रश्न येईल.

त्याऐवजी आधी सीटवाल्याकडे जा. सीट नुसती वरून नका कापू, टाकीजवळच्या दोन्ही कडा तासून अरुंद करायला सांगा, वरून थोडासा फोम, बास. क्लासिकची सीट ८०५ आहे, पण तुम्हाला अडवतेय ती रुंदी असणार असा माझा अंदाज आहे. मूळ सीट घरी जपून ठेवा, दुसऱ्या सीटवर काम करून घेतलं तर उत्तमच. मागच्या शॉकअपचं सेटिंग कडक असेल तर एक-दोन खाचा मऊ करून घ्या, एकटे चालवत असाल तेव्हाच. जाड सोलचे बूट घाला, सँडलवर ही गाडी नको.

पार्किंग करताना उताराकडे तोंड करून लावू नका, नंतर मागे ओढता येत नाही. गाडी पडलीच तर हातांनी ओढून उचलू नका, या वयात कमरेत भरेल. आधी इंजिन बंद करा आणि गियरमध्ये टाका, उजवीकडे पडली असेल तर उचलायच्या आधीच साइड स्टँड उघडून ठेवा. गाडीकडे पाठ करून खाली बसा, सीटला टेकून, एका हातानं हँडल आणि दुसऱ्या हातानं मागचा दांडा धरून पायांच्या जोरावर मागे मागे चालत उठा. एकदा मुलाला उभं करून, खाली जुनी गादी टाकून करून बघा. आणि महिनाभर १०० सीसी विकू नका, बाजारात भाजी आणायला तीच घेऊन जा.

प्रश्न : मुलगा १८ चा झालाय, उंची ५ फूट ४, लायसन्स नुकतंच आलं. त्याला पहिलीच गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० हवी, म्हणतो लडाखला जायचंय. काय सांगू?

उत्तर : ‘नाही’ म्हणू नका, ‘आत्ता नाही’ म्हणा. ८२५ ची सीट आणि १९६ किलो, ही दुसरी किंवा तिसरी गाडी आहे. त्याला सध्या १६० सीसीच्या आतली घेऊन द्या, १२५ च्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय, सक्तीचं आहे, नवख्याला ओल्या रस्त्यावर ते फार कामाला येतं. वर्षभरात तो त्याच गाडीवर सिमरोलचा घाट पावसाळ्यात एकदा, ओंकारेश्वर दोनदा करून येऊ दे, चेन स्वतः साफ करू दे, पंक्चर झालं तर ढकलत आणू दे. मग मोठ्या गाडीवर बसवायला तुम्हीच सोबत जा.