चौदा 'च' आणि सहा एपी

"ताई, मेजर ठरलंय. आता फक्त सांगा, त्याला कुठकुठल्या एपी घ्यायच्या?"

जानेवारी उजाडला की न्यू जर्सीतल्या माझ्या छोट्या कॉलेज-सल्ल्याच्या ऑफिसात हा प्रश्न दर आठवड्याला येतो. शाळेतून पुढच्या वर्षाचे विषय निवडायचा फॉर्म आलेला असतो आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाच्या मुलाने किती एपी घेतल्या याची बोली लागलेली असते. तिकडच्या वाचकांसाठी सांगते: मेजर म्हणजे कॉलेजातला मुख्य विषय, आणि एपी म्हणजे हायस्कुलातच शिकायचे, कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचे विषय. कॉलेज बोर्ड ही संस्था १९५५ पासून ते चालवते. परीक्षा मे महिन्यात, गुण १ ते ५.

सई (नाव बदललंय) दहावीत. आईबाबा सांगलीकडचे. मेजर ठरलेलं, बायोमेडिकल इंजिनिअरिंग. अकरावीसाठी बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, कॅल्क्युलस, इंग्लिश, अमेरिकेचा इतिहास, अशा सहा एपी. शिवाय कॅल्क्युलसला लवकर पोचायचं म्हणून प्रीकॅल्क्युलस उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकायचं.

"बायो तर हवीच. केमिस्ट्री घेतलीच पाहिजे. आणि फिजिक्सशिवाय इंजिनिअरिंग होणारच नाही ना!" आई सांगत होती.

मला एक खोड आहे. समोरचा बोलत असताना मी कागदाच्या कोपऱ्यात त्याचे 'च' मोजते. "हवं" म्हणणारा माणूस वाटाघाटीला तयार असतो, "हवंच" म्हणणारा घाबरलेला असतो, हे मी इतक्या वर्षांत शिकलेय. त्या दिवशी पाऊण तासात चौदा खुणा झाल्या, सगळ्या आईच्या. सईचा एकही नव्हता. ती एवढंच म्हणाली, "चालेल."

दुसऱ्या बैठकीला मी आईला एकटीला बोलावलं. बारावी कधी झाली, विचारलं.

"शहाण्णवला. दोन मार्कांनी मेडिकल गेलं." तारीख सांगावी तसं सांगितलं तिने.

तेव्हा महाराष्ट्रात सीईटी नव्हती, ती १९९९ पासून आली. बारावीचे पीसीबीचे गुण आणि त्यांवर लागणारी प्रवेशाची यादी, हेच सगळं होतं. दोन मार्क म्हणजे खरोखरच दोन मार्क. पण ती यादी ही बाई तीस वर्षं उशाशी घेऊन झोपली होती, आणि आता लेकीच्या फॉर्मवर ते दोन मार्क भरून काढत होती.

इथे तशी एकच यादी नसते, हे मला आमच्या लोकांना फार वेळा सांगावं लागतं. गुणपत्रकासोबत शाळेची माहितीही कॉलेजकडे जाते. शाळेत एपी आठच असतील, तर वीस का नाहीत असं कोणी विचारत नाही. उपलब्ध होतं त्यातून या मुलीने काय निवडलं आणि ते कसं पेललं, हे बघतात. कॅलिफोर्निया विद्यापीठ तर गुणांची सरासरी काढताना अशा अवघड विषयांची जादा भर जास्तीत जास्त आठ सत्रांचीच धरते. एपीच्या जोरावर कॉलेजातले विषय माफ होतील हा हिशेबही जपून करावा. बरीच मेडिकल कॉलेजं प्रवेशासाठी लागणाऱ्या बायो-केमिस्ट्रीला एपीचं क्रेडिट धरत नाहीत.

आई रडली, मोकळी झाली. मला वाटलं, जमलं. तिसऱ्या बैठकीत मी ऐटीत सहाच्या चार करून कागद सईपुढे सरकवला.

"चालेल," सई म्हणाली.

अगदी तोच सूर. चरचरलं मला. आईची यादी खोडून मी माझी लिहिली होती, एवढाच फरक.

कागद बाजूला ठेवला. "शाळेतून आलीस की दप्तरातून आधी काय बाहेर काढतेस?"

"लॅपटॉप. आज्जीची शीट."

कसली शीट? तिने उघडून दाखवली. सांगलीची आज्जी रोज व्हॉट्सॲपवर साखरेचे आकडे पाठवते. सईने त्यांचा आलेख केला होता: निळी रेघ उपाशीपोटीची, केशरी जेवणानंतरची. केशरी रेघ मध्येच उंट उठावा तशी उठत होती.

"हे गुरुवार आहेत, मावशी. आज्जी म्हणते, उपवासाला मी काहीच खात नाही. पण साबुदाण्याची खिचडी खाते!" मग जरा थांबून, "दहातले सात गुरुवार असे आहेत. पण सात पुरेसे आहेत का? की असंच झालं असेल? ते कसं ठरवायचं, मला माहीत नाही."

तिच्या तोंडून ऐकलेला हा पहिला खरा प्रश्न. आणि तो ज्या विषयात शिकवतात, ती स्टॅटिस्टिक्सची एपी, ना आईच्या सहांत होती ना माझ्या चारांत.

फॉर्म तिने भरला. बायोलॉजी, स्टॅटिस्टिक्स आणि इंग्लिश या तीन एपी, फिजिक्स ऑनर्सचं (नेहमीच्या वर्गाहून अवघड, पण एपीहून हलकं), प्रीकॅल्क्युलस वर्षभर रीतसर. स्टॅटिस्टिक्सला अल्जिब्रा टू पुरतं, ते तिचं यंदा होतंय. कॅल्क्युलस बारावीत, म्हणजे इंजिनिअरिंगची वाट बंद झाली नाही. आणि मेजर 'ठरलंय' या शब्दावर फार भार टाकू नये. २०११-१२ मध्ये इथे कॉलेजात गेलेल्यांपैकी, मेजर जाहीर केलेल्या सुमारे ३० टक्के मुलांनी तीन वर्षांत ते बदललं होतं.

हल्ली मी पालकांना एक काम देते. कॉलेज बोर्डाच्या साइटवर मागच्या वर्षांचे लेखी प्रश्न फुकट मिळतात. हव्या त्या विषयाचा एक प्रश्न मुलासमोर अर्धा तास ठेवा. उत्तर आलं नाही तरी हरकत नाही, तो विषय अजून शिकवलेलाच नाही. बघायचं ते हे, की अर्ध्या तासाने पोरगं फोनकडे वळतंय की "पुढचा दाखव" म्हणतंय. आणि तेव्हा शेजारी बसू नका. तुमचे 'च' न बोलताही ऐकू जातात.

निघताना बाबा, जे पहिल्या आणि तिसऱ्या बैठकीत गाडीच्या किल्ल्यांशी खेळत गप्प होते, दारात थांबले. "ताई, धाकटा सातवीत आहे. आठवीत अल्जिब्रा मिळायला आत्ताच टेस्ट द्यावीच लागते म्हणतात..."

मी पेन उचललं आणि कोपऱ्यात एक खूण केली.