इंग्रजीचे पूरक पुस्तक पारखताना

प्रश्न : आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीसाठी इंग्रजीचे पूरक पुस्तक निवडायचे आहे. तीन प्रकाशकांचे नमुने आले असून तिन्ही देखणे आहेत. कशावरून ठरवावे?
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : प्रत्येक पुस्तकाच्या मध्यावरचा एक धडा निवडावा (पहिला नको, त्यावर प्रकाशकाने अधिक मेहनत घेतलेली असते) आणि त्याखालचा स्वाध्याय आपण स्वतः सोडवावा. उतारा मुळीच न समजता, प्रश्नातले शब्द उताऱ्यात हुडकून ते वाक्य जसेच्या तसे उतरवले, तरी किती उत्तरे बरोबर येतात, हे मोजावे. अशी उत्तरे निम्म्याहून अधिक निघाली, तर ते पुस्तक वाचन नव्हे, उतरवणे शिकवते. माझ्या मते ते तिथेच बाजूला ठेवावे. त्याच धड्यातले पाच-सहा नवे शब्द पुढच्या धड्यांत पुन्हा भेटतात की नाही, हेही तपासावे.

राज्यात मराठी शाळांमध्ये २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे सहावीतल्या मुलांनी ती पाच वर्षे शिकलेली असते. म्हणून बालभारतीचे पाचवीचे पुस्तक शेजारी ठेवूनच हे नमुने चाळावेत.

मराठी मुले नेमकी कुठे अडतात, याची जाण लेखकाला आहे का, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मराठीत ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत आणि क्रियापद सहसा वाक्याच्या शेवटी येते. उच्चारांचेही तसेच आहे. ‘व्हॅन’ आणि ‘वॉच’ हा भेद आपण लिहिताना कटाक्षाने पाळतो, पण ‘वॉच’ म्हणताना ओठांचा चंबू करायला कोणी शिकवत नाही. जगभरच्या बाजारासाठी छापलेल्या पुस्तकात या अडचणींसाठी वेगळा सराव क्वचितच सापडतो.

छपाई, चित्रे आणि सोबतचे ध्वनिमुद्रण यांना शेवटचे गुण द्यावेत.

भाषाशिक्षणाचे अभ्यासक रॉड एलिस यांनी १९९७ साली वापरापूर्वीचे आणि वापरानंतरचे मूल्यमापन असा भेद मांडला होता. त्यातले दुसरे आपल्याकडे सहसा होतच नाही. निवडलेल्या पुस्तकाच्या एका प्रतीत, कोणत्या कृतीवर वर्ग अडला, कोणती कृती पन्नास मुलांत जमली नाही आणि कुठे मुले आपणहून बोलू लागली, एवढे समासात तारखेनिशी टिपत जावे. पुढच्या वर्षी हीच निवड पुन्हा करायची झाल्यास ती प्रत समितीपुढे ठेवता येईल.