गोधडीसाठी लाँगआर्म घेऊ का?

प्रश्न : मी अमळनेरला घरच्या मशीनवर गोधड्या शिवते. लाँगआर्म मशीन विकत घ्यावं का?

उत्तर : ताई, आधी खोली मोजा. लाँगआर्म मशीनमध्ये कापड चौकटीवर ताणलेलं राहतं, शिलाईचं डोकं त्यावरून फिरतं. मोठ्या गोधडीला दहा-बारा फुटांची चौकट लागते. माझ्या धुळ्याच्या घरात त्यापायी कपाट ओट्यावर गेलं, ते अजून तिथंच! कुणाचं मशीन तासाच्या भाड्यानं मिळालं तर जुन्या लुगड्यावर हात बसवा; हे उभं राहूनच चालवायचं असतं. अस्तर चारी बाजूंनी चार-चार इंच जास्त ठेवा. मी पहिल्यांदा नेमकं कापलं आणि कापड ताणून धरणारी कडेची चिमटी मशीनच्या डोक्याला आडवी आली, सुई मोडली. महिन्याला दोन-तीनच गोधड्या होत असतील, तर भाडंच परवडेल.