घर न सोडणाऱ्या पूरग्रस्तांना मदत कशी करावी?

प्रश्न : २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणमध्ये शिरले, तेव्हा माझे काका-काकू निवारा केंद्रात न जाता वरच्या मजल्यावरच राहिले. खालचे घर गाळाने भरलेले असूनही मदतवाटपाच्या यादीत त्यांचे नाव नव्हते. असा प्रसंग पुन्हा आल्यास आमच्या मित्रमंडळाने अशा कुटुंबांसाठी काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : निवारा केंद्रात गेलेल्यांची नोंद तिथेच होते, घरी राहिलेल्यांची मात्र कोणीतरी जाऊन करावी लागते आणि नेमके तेच राहून जाते. घरात अंथरुणाला खिळलेली आई असते, दावणीला जनावरे असतात, दुकानाची राखण करायची असते. अशा माणसांना हटवादी ठरवून मोकळे होणे फार सोपे आहे. म्हणून मदतीचा टेम्पो भरण्याआधी आपल्यापैकी दोघा-तिघांनी स्थानिक आशा सेविकेला सोबत घेऊन आतल्या गल्ल्यांतून फिरावे, जिने चढून वर जावे आणि घरात कोण आहे, औषधे कोणती लागतात, गॅस चालू आहे का, हे वहीत टिपून घ्यावे. हमरस्त्यावरच्या टेम्पोपर्यंत धडधाकट माणसेच पोहोचतात.

जुने कपडे कृपया नेऊ नयेत. फावडी, घमेली, गमबूट, पाणी उपसण्याचा पंप आणि दोन वेळचे तयार जेवण न्यावे. गाळ काढण्यापूर्वी भिंतीवरची पाण्याची खूण, तडे व भिजलेले सामान यांचे फोटो अवश्य काढावेत. राज्य सरकारच्या ऑगस्ट २०२१ च्या पूरग्रस्त पॅकेजमध्ये घरासाठीची मदत पडझडीच्या प्रमाणात, किमान १५ टक्के पडझडीला १५ हजार ते पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख रुपये, अशी ठरली होती. तलाठी पंचनाम्याला येण्याआधीच घर धुऊन लख्ख झाले, तर नुकसान दाखवणार कशावरून? (नेटक्या काकूंना हे पटवणे जड जाईल!)

वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विच लावू देऊ नये. विहिरीत पाणी शुद्ध करणारी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून घ्यावी आणि गाळात उतरणाऱ्यांनी लेप्टोच्या (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाच्या) प्रतिबंधक गोळ्यांबाबत आरोग्य केंद्रात विचारावे. मातीच्या भिंती पुष्कळदा पाणी ओसरल्यावर ढासळतात. नवे तडे दिसले किंवा दारे अडकू लागली, तर अभियंत्याने पाहीपर्यंत कुटुंबाला दुसरीकडे हलवण्याचा आग्रह जरूर धरावा.

महिन्याभराने तीच वही घेऊन पुन्हा जावे. तोवर टेम्पो थांबलेले असतात, खालच्या भिंती मात्र ओल्याच असतात आणि मदत खात्यात जमा झाली नसेल, तर तहसील कार्यालयात अर्ज करायला सोबत लागते.