वेगळे ताट कशासाठी?

कुष्ठरोगाविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या धाकट्या दिरांच्या पाठीवर आणि दंडावर फिकट चट्टे होते. आशाताईंनी ते पाहून प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवले आणि तेथे कुष्ठरोगाचे निदान झाले. बारा महिन्यांच्या औषधांपैकी दोन महिन्यांची पूर्ण झाली आहेत. सासूबाईंनी त्यांचे ताट, तांब्या आणि अंथरूण वेगळे केले आहे. माझ्या चार वर्षांच्या मुलाला काकांचा फार लळा आहे. त्याला त्यांच्याजवळ जाऊ द्यावे का? — एक गृहिणी, ता. कागल

उत्तर : अवश्य जाऊ द्यावे. हा आजार ज्या जंतूमुळे होतो तो नॉर्वेमधील डॉ. हॅन्सन यांनी 1873 मध्ये शोधला. औषध न घेणाऱ्या रुग्णाच्या सहवासात दीर्घकाळ राहिल्यास तो प्रामुख्याने श्वासावाटे पसरतो; ताट, तांब्या किंवा अंथरूण यांच्यामुळे नव्हे. शिवाय बहुतेक माणसांच्या शरीरात त्याला तोंड देण्याची शक्ती उपजतच असते. औषध सुरू झाल्यावर रुग्णापासून होणारा संसर्ग लवकरच थांबतो. तुमच्या दिरांपासून काही धोका असलाच, तर तो निदान होण्यापूर्वीच्या काळात होता, आणि तेव्हा घरातील सर्वजण एकाच पंगतीत जेवत होता.

त्याच काळाचा विचार करून एक काम मात्र लगेच करावे. घरातील प्रत्येकाने आरोग्य केंद्रात जाऊन त्वचेची तपासणी करून घ्यावी. जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, क्वचित वीसही, त्यामुळे आज अंगावर काही नाही म्हणून तपासणी टाळू नये. सहवासात असलेल्यांना रिफाम्पिसिनची एक प्रतिबंधक मात्रा दिली जाते. दोन वर्षांवरील मुलांनाही ती वजनाच्या प्रमाणात मिळते. मात्र क्षयाची शंका असलेली व्यक्ती किंवा गरोदर स्त्री घरात असल्यास तसे डॉक्टरांना आधी सांगावे.

दिरांच्या बाबतीत दोन गोष्टी घरच्यांनी ओळखून ठेवाव्यात. गोळ्यांपैकी एकीमुळे कातडी काळपट तपकिरी होते आणि महिन्याच्या मोठ्या मात्रेच्या दिवशी लघवी लालसर होते. हे दोन्ही तात्पुरते आहे, परंतु ‘रोग वाढला’ असे समजून अनेकजण नेमक्या याच वेळी गोळ्या सोडतात. दुसरी गोष्ट खरोखर तातडीची आहे. चट्टे एकाएकी लाल होऊन सुजणे, कोपराजवळची शीर दुखणे, करंगळी वाकू लागणे किंवा चालताना पाऊल लटके पडणे यांपैकी काहीही दिसल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता, गोळ्या चालू ठेवून, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मज्जातंतूंना आलेली ही सूज वेळेवर उपचार केल्यास उतरते आणि गेलेली ताकद बहुधा परत येते. सहा महिन्यांहून अधिक उशीर झाल्यास ती आशा फार कमी उरते.

सासूबाईंशी वाद घालू नये, असे मी सुचवेन. दोन-तीन औषधे एकत्र देण्याचा आजचा बहुविध औषधोपचार आपल्या देशात 1980 च्या दशकात आला. त्यापूर्वी वर्षानुवर्षे गोळ्या घेऊनही हातापायांची बोटे झडलेली माणसे त्यांनी देवळांच्या पायऱ्यांवर पाहिली असतील, आणि त्यांची भीती त्या वयातली आहे. आशाताईंना घरी बोलावून सासूबाईंच्या समोर सारे समजावून सांगण्यास सांगावे आणि त्याच दिवशी चहा सर्वांना एकाच संचातल्या कपांतून द्यावा. सुनेने सांगितलेले आणि सरकारी वहीत नोंद करणाऱ्या बाईने सांगितलेले यांत आपल्याकडे अजून फरक पडतो.

प्रश्न : माझे आजोबा काही वर्षे शेंडा पार्क येथील कुष्ठधामात होते. हे कळल्यावर माझे ठरत आलेले लग्न समोरच्यांनी मोडले. हा आजार पिढीत उतरतो का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही, कुष्ठरोग आनुवंशिक नाही. कायद्यानेही हे मान्य केले आहे : जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण विविध व्यक्तिगत कायद्यांमधून 2019 मध्ये वगळण्यात आले, आणि रुग्णांना डांबून ठेवण्याची मुभा देणारा 1898 चा कायदा 2016 मध्ये रद्द झाला. पुढील स्थळाच्या वेळी ही गोष्ट पहिल्या बैठकीतच, कसलाही संकोच न ठेवता सांगावी. भावकीतून कानावर जाण्यापेक्षा ते बरे.

प्रश्न : शिरोलीत आमची लहान फाउंड्री आहे. एक जुना कामगार कुष्ठरोगाचा उपचार पूर्ण करून परतला आहे. त्याच्या दोन्ही हातांची संवेदना कमी आहे. बाकीचे कामगार पाण्याच्या माठापाशी कुरबुर करतात. त्याला ठेवावे की काही रक्कम देऊन मोकळे करावे? — एक उद्योजक

उत्तर : ठेवावे, परंतु भट्टीजवळ ठेवू नये. उपचार पूर्ण झालेल्या माणसापासून इतरांना धोका नाही, तेव्हा माठाचा प्रश्न कामगारांना एकदा स्पष्ट सांगून आणि आपण स्वतः त्याच माठातले पाणी पिऊन मिटवावा. धोका आहे तो त्याला स्वतःला. तापलेला साचा हाताला लागला तरी त्याला कळणार नाही, आणि भाजल्याचे लक्षात येईल ते फोड दिसल्यावर. ओतकाम आणि ग्राइंडिंग यांऐवजी त्याला तपासणी, मोजदाद किंवा स्टोअरचे काम द्यावे. अवजारांच्या मुठी जाड कापडाने किंवा रबराने गुंडाळाव्यात, हातमोजे सक्तीचे करावेत, आणि जेवणाच्या सुट्टीत त्याने दोन्ही तळहात उजेडात नीट पाहण्याची सवय लावून घ्यावी.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांमध्ये कुष्ठरोगमुक्त व्यक्तींचा समावेश आहे आणि प्रत्येक आस्थापनेने समान संधीचे धोरण जाहीर करावे, अशी त्यात तरतूद आहे. कोल्हापूरकराला हे कायद्यातून शिकावे लागू नये, असे मला वाटते. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या नसीमा हुरजूक यांनी 1984 मध्ये याच शहरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली आणि माणसाला जमेल अशा रीतीने कामाची मांडणी बदलता येते, हे डोळ्यांसमोर दाखवून दिले. तुम्हाला तर एक टेबल आणि चार मुठी बदलायच्या आहेत.

प्रश्न : मी अनेक वर्षांपूर्वी बरा झालो. तळव्याची जखम मात्र भरते आणि पुन्हा उघडते. पट्टी पाहून लोक एसटीत शेजारी बसत नाहीत. रोग उलटला आहे का? अपंगत्वाचा दाखला मिळेल का? — एक शेतकरी, ता. करवीर

उत्तर : तुम्ही लिहिता त्यावरून रोग उलटला असे दिसत नाही, तरी एकदा तपासणी करून घ्यावी. अशी जखम बहुधा बधिर पायावर सतत भार पडल्यामुळे होते. खडा टोचला की दुसरा माणूस पाय उचलतो, तुम्ही तसेच चालत राहता. म्हणून ती जखम संसर्ग पसरवणारी नसते आणि शेजारी बसणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही.

रोज संध्याकाळी पाय साध्या, गार पाण्यात वीस मिनिटे बुडवून ठेवावेत. पाणी कोमट केल्यास ते किती गरम आहे हे दुसऱ्याच्या हाताने पाहून घ्यावे. जखम सोडून बाकीचे घट्टे वजरीने हलकेच घासावेत आणि ओलसर कातडीवर खोबरेल लावावे; बोटांच्या बेचक्या मात्र कोरड्या ठेवाव्यात. तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून पाहावा. जखम उघडी असताना चालणे शक्य तितके कमी करावे; मलमापेक्षा विश्रांतीने ती लवकर भरते. आणि आपल्या गावाचा अभिमान बाजूला ठेवून सांगतो, कोल्हापुरी चप्पल तुमच्या पायात नको. तिचे कडक कातडे आणि अंगठ्याचा पट्टा बधिर पायाला कळत नकळत सोलून काढतात. सरकारी कुष्ठरोग विभागाकडून मऊ रबरी तळ आणि मागे पट्टा असलेली एमसीआर चप्पल मोफत मिळते, ती मागून घ्यावी.

दाखल्यासाठी विकृती दिसलीच पाहिजे असे नाही. हातापायांची संवेदना गेलेली असली तरी कुष्ठरोगमुक्त व्यक्ती या प्रकारात अर्ज करता येतो. अर्ज यूडीआयडी म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी संकेतस्थळावर भरून तपासणीसाठी कोल्हापुरातील सीपीआर या सरकारी रुग्णालयात जावे. जाताना आधार कार्ड, छायाचित्र आणि उपचार पूर्ण झाल्याची नोंद असलेले जुने कार्ड न्यावे. कार्ड हरवले असल्यास, जेथे औषधे घेतली त्या आरोग्य केंद्राच्या नोंदवहीतून तसे पत्र आधी घ्यावे, म्हणजे दुसरी फेरी पडणार नाही. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात स्वतंत्रपणे द्यावा लागतो. उत्पन्नाचा दाखला त्याच भेटीत मागून ठेवावा.