क्लाउडचं बिल कमी करणारं टूल घ्यावं का?

प्रश्न: आमची पर्वरीत छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे, कळंगुट-बागा साइडच्या हॉटेलांना बुकिंगचं सॉफ्टवेअर देतो, सगळं एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनचा क्लाउड, म्हणजे भाड्याचे सर्व्हर) मुंबई रीजनवर. बिल वाढत चाललंय आणि पैसे नेमके कुठे जातात ते कळत नाही. एका टूल कंपनीचा माणूस डेमो देऊन गेला, म्हणतो बिल 30 टक्के खाली आणतो, जानेवारीत ट्रायल सुरू करा. असं टूल पारखायचं कसं?
– एक वाचक, पर्वरी

उत्तर: आधी एक सांगतो, जानेवारीच्या ट्रायलवर निर्णय घेऊ नका. सेव्हिंग्ज प्लॅन किती घ्यावा याची एडब्ल्यूएसची स्वतःची शिफारससुद्धा मागच्या 7, 30 किंवा 60 दिवसांच्या वापरावरून निघते, आणि जानेवारीत मागचे 60 दिवस म्हणजे तुमचा ऐन सीझन. सेव्हिंग्ज प्लॅन म्हणजे 1 किंवा 3 वर्षं दर तासाला ठरलेली रक्कम भरायची कबुली, सर्व्हर वापरा नाहीतर नका वापरू. डिस्काउंट 72 टक्क्यांपर्यंत मिळू शकतो हे खरं, पण जूनमध्ये पाऊस लागला, बुकिंग आटलं की डिसेंबर बघून दिलेली कबुली अंगावर येते. म्हणून जुलै-ऑगस्टचा वापर काढा, प्लॅन तेवढ्याचाच घ्या आणि सीझनचा वरचा लोड ऑन-डिमांड, म्हणजे वापराल तेवढ्याचेच पैसे, असा जाऊ दे. टूलवाल्यांना सरळ विचारा, सल्ला पूर्ण वर्षाच्या डेटावर देता का? आणि ते 30 टक्के यायचे कुठून, तेही लेखी घ्या. त्यातले बरेचसे नुसत्या सेव्हिंग्ज प्लॅनचे असतील तर तो तुम्हाला स्वतःलाही घेता येतो. फी बिलाच्या टक्क्यांत असेल तर सीझनला बिल वाढलं की फीपण वाढणार, मी तरी अशी फी मान्य करणार नाही.

आता गव्हर्नन्स, म्हणजे खर्चावर लक्ष कुणाचं आणि जबाबदारी कुणाची. ट्रायल चालू असताना एक ईबीएस डिस्क (एडब्ल्यूएसची भाड्याची डिस्क) कुठल्याच सर्व्हरला न जोडता मुद्दाम ठेवून द्या, तिचं भाडं चालूच राहतं. टूल ती पकडतं का आणि पकडल्यावर मेसेज कुणाला जातो ते बघा. मॅनेजरच्या डॅशबोर्डवर लाल ठिपका येऊन काही होत नाही, ज्याने डिस्क बनवली त्याच्यापर्यंत मेसेज गेला पाहिजे, आणि त्यासाठी टॅग, म्हणजे सर्व्हर-डिस्कवर लावलेली ओळखीची लेबलं, लागतात. टीम, क्लायंट आणि प्रॉड (ग्राहक वापरतात ते) की टेस्ट, एवढे तीन पुरे, पण टॅगशिवाय सर्व्हर उभाच राहू नये असा नियम लावा. हे टॅग बिलिंगमध्ये जाऊन ॲक्टिव्हेटही करावे लागतात, नाहीतर बिलाच्या हिशेबात येतच नाहीत, आणि हे खूप जण विसरतात.

बाकी तुमचा क्लाउड एकच आहे, तेव्हा मला विचाराल तर विकतचं टूल सध्या नकोच. एडब्ल्यूएसचे स्वतःचेच कॉस्ट एक्सप्लोरर (खर्च कुठे गेला ते दाखवतो), बजेट्स (ठरवलेली रक्कम ओलांडली की अलर्ट), ॲनोमली डिटेक्शन (अचानक वाढलेला खर्च पकडतं) हे आधी नीट वापरा. फक्त बजेटचा अलर्ट हा अलर्टच असतो, वेगळी ॲक्शन लावल्याशिवाय तो सर्व्हर बंद करत नाही, आणि बिलाचा डेटा काही तास मागे असतो हे धरून चला. टेस्ट सर्व्हरना टाइमटेबल लावा. आठवड्याचे तास 168, ऑफिसचे साधारण 50, म्हणजे डिस्कचं भाडं सोडलं तर दोन तृतीयांशाहून जास्त खर्च तिथेच वाचतो. चवथीला सगळे घरी आणि टेस्ट सर्व्हर मात्र रात्रंदिवस चालू, हे तर होताच कामा नये.

प्रश्न: टूलवाले ॲडमिन ॲक्सेस मागतात, द्यावा का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: नाही. खर्च बघायला रीड-ओन्ली रोल (फक्त बघायची परवानगी) पुरतो, तो एक्स्टर्नल आयडी (त्या रोलला लावलेला ठरलेला ओळख क्रमांक) लावून द्या, ॲक्सेस की, म्हणजे अकाउंटची कायमची किल्ली, कुणाच्या हातात देऊ नका. सर्व्हर बंद करायचा अधिकार द्यायचाच असेल तर पुढे कधीतरी, आणि तोही फक्त टेस्ट अकाउंटवर.