रेडिओवर गाजलेला कलाकार पडद्यावर टिकतो का?

आकाशवाणीवर नभोनाट्ये करणाऱ्या कलाकाराने मालिका-चित्रपटांकडे वळावे का, आणि तसे कोणाला जमले आहे का, असे आपण विचारले आहे. जमले आहे. माझ्या मते याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील विल्यम कॉनराड यांचे आहे. त्यांच्यावर जो अन्याय झाला त्याचा मला मनापासून राग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कॉनराड यांचा जन्म १९२० साली केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे झाला. दुसऱ्या महायुद्धात ते लढाऊ विमानांचे वैमानिक होते. १९४६ च्या ‘द किलर्स’ या चित्रपटात सुरुवातीलाच उपाहारगृहात शिरणाऱ्या दोन मारेकऱ्यांपैकी एक म्हणजे कॉनराड. पण त्यांचे खरे नाव झाले ते रेडिओवर. एप्रिल १९५२ मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीच्या रेडिओवर ‘गनस्मोक’ ही मालिका सुरू झाली आणि तिच्यातील मार्शल, म्हणजे कायदा राखणारा अधिकारी, मॅट डिलन त्यांनी खर्जातल्या, माणसांना कंटाळलेल्या पण कर्तव्य न सोडणाऱ्या आवाजात उभा केला. १९५५ मध्ये ही मालिका टेलिव्हिजनवर आली तेव्हा डिलनची भूमिका उंच्यापुऱ्या जेम्स आर्नेस यांना मिळाली, कारण कॉनराड बुटके आणि स्थूल होते. चेस्टर करणारे पार्ली बेअर, डॉक्टर करणारे हॉवर्ड मॅकनिअर आणि किटी करणाऱ्या जॉर्जिया एलिस यांनाही पडद्यावर त्यांच्याच भूमिका मिळाल्या नाहीत. रेडिओवरील ‘गनस्मोक’ मात्र जून १९६१ पर्यंत चालूच राहिले. म्हणजे जवळपास सहा वर्षे मूळ डिलन स्टुडिओत बोलत होता आणि दुसरा डिलन घरोघरी दिसत होता.

हे मला इतके झोंबते, कारण माझ्याही वाट्याला हेच आले. एका नभोनाट्यात मी इनामदारांच्या वाड्यातील थोरल्या जाऊबाईंची भूमिका करत असे. ही बाई कधी आवाज चढवत नसे. रागावली की वाक्य अर्ध्यावर सोडून किल्ल्यांचा जुडगा हातात घोळवत असे. तो जुडगा मी घरून नेत असे आणि संहितेचे कागद डाव्या हातात, मायक्रोफोनपासून दूर धरून, उजव्या हाताने वाजवत असे, कारण ध्वनिमुद्रिकेतल्या किल्ल्या माझ्या श्वासाबरोबर थांबत नसत. पुढे याच कथेवर मालिका करायचे ठरले आणि निर्मात्यांनी मला आपणहून बोलावले. नऊवारी नेसवली, अंबाडा घातला, दिव्यांसमोर उभे केले. दिग्दर्शकांनी मॉनिटरकडे पाहत माझ्यासमोरच सहकाऱ्याला सांगितले, “आवाज हाच ठेवू, बाई दुसरी बघू.” मग एका देखण्या अभिनेत्रीने ती भूमिका केली आणि तिच्या तोंडी माझा आवाज घातला गेला. वाक्याच्या मध्येच, जिथे जाऊबाईंनी कधीच श्वास घेतला नसता, तिथे ती घेत असे; तिच्या ओठांशी जुळवून घेण्यासाठी मला प्रत्येक वाक्य मोडून पुन्हा बांधावे लागले. श्रेयनामावलीत माझे नाव आले नाही. त्याबद्दल विचारले, तेव्हा दिग्दर्शक म्हणाले की रेडिओवर अभिनय नसतो, वाचन असते.

या विधानाला माझे उत्तर असे आहे. नुसते वाचन असते तर जाऊबाई काढून फक्त जाऊबाईंचा आवाज ठेवण्याची गरज त्यांना पडली नसती. रेडिओच्या कलाकाराला पात्राचे वय, बसणे-उठणे, समोरच्या माणसाचे अंतर, हे सगळे अंगात आणावेच लागते. अंग हलले नाही की आवाज खोटा पडतो, आणि तो झाकायला तिथे पार्श्वसंगीताखेरीज काहीच नसते. कॉनराड यांनी हे पुढे पडद्यावरच दाखवून दिले. ‘द फ्युजिटिव्ह’ या टेलिव्हिजन मालिकेचे निवेदन त्यांनी केले, चित्रपट दिग्दर्शित केले आणि १९७१ मध्ये त्याच सीबीएसवर ‘कॅनन’ या मालिकेत तोच स्थूल देह घेऊन गुप्तहेर म्हणून प्रमुख भूमिकेत आले. ती मालिका १९७६ पर्यंत चालली. नंतर ‘जेक अँड द फॅटमॅन’मध्ये तर मालिकेच्या नावातच त्यांच्या आकाराचा उल्लेख होता आणि प्रेक्षकांनी ती पाच वर्षे पाहिली. १९९४ मध्ये त्यांचे निधन झाले.

अर्थात, कॉनराड रेडिओवर गाजण्याआधीपासून चित्रपटांत छोट्या भूमिका करत होते, त्यामुळे कॅमेरा त्यांना परका नव्हता. आपल्याला तो वेगळा शिकावा लागेल. शिवाय पन्नाशीतल्या स्थूल पुरुषाला नायक होता आले, ही सवलत बाईला आपल्याकडे अजूनही सहसा मिळत नाही, हे मी आपल्यापासून लपवणार नाही.

तेव्हा मालिकांकडे जरूर वळावे, परंतु नभोनाट्ये सोडू नयेत. आणि कोणी केवळ आवाजासाठी बोलावले, तर ध्वनिमुद्रणाला उभे राहण्यापूर्वीच मानधनाबरोबर श्रेयनामावलीतील आपले नाव लेखी मागावे. देतो म्हणून सांगतात आणि देत नाहीत. लेखी द्यायला नकार मिळाला, तर त्या भूमिकेला आवाज देऊ नये, मग ती भूमिका कितीही आवडती असो.